‘लोक येत नाहीत’ ही थाप

जुन्या थिएटरात जुने चित्रपट नेमाने लावावेत असं कुणी सुचवलं की धंद्यातली जाणती माणसं समजूतदारपणे हसतात. त्या हसण्यामागचा युक्तिवाद आता पाठ झाला आहे. लोक येत नाहीत. आले तर एकदा येतात, लॉबीत फोटो काढतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. जुनं सगळं मोबाइलवर पडलेलं आहे. हजार खुर्च्यांचं घर साठ माणसांसाठी थंड करायचं म्हणजे विजेचं बिल बघूनच मालक गार. तेव्हा ज्यांना स्मरणरंजनाची हौस आहे त्यांनी ती स्वतःच्या खिशातून भागवावी, आणि थिएटरखालच्या जमिनीचं जे व्हायचं ते होऊ द्यावं.

यातला विजेच्या बिलाचा भाग खरा आहे. माणसांबद्दलचा भाग खोटा आहे. पण बिल खरं असल्यामुळे माणसांबद्दलचा खोटेपणा त्याच्या आडून खपून जातो.

पुरावा हवा असेल तर फार लांब जायला नको. मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर, एसटी डेपोच्या शेजारी १९५८ साली उघडलेलं मराठा मंदिर आहे. १९६० साली ‘मुगल-ए-आझम’चा प्रीमियर इथेच झाला आणि रिळं हत्तीवरून आणली गेली. त्याच पडद्यावर २० ऑक्टोबर १९९५ रोजी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला आणि सकाळी साडेअकराच्या खेळाला तो अजून उतरायला तयार नाही. मधे करोनाने सगळीच थिएटरं बंद केली, तोच काय तो मोठा खंड. फेब्रुवारी २०१५ मध्ये १००९ आठवडे पुरे झाल्यावर व्यवस्थापनाने तो उतरवूनही पाहिला. ओरड इतकी झाली की काही दिवसांतच पुन्हा चढवावा लागला. ‘लोक येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी या एका घटनेचा खुलासा करावा. थिएटर चित्रपट काढू पाहतं आणि प्रेक्षक काढू देत नाहीत, असं नव्या चित्रपटांच्या बाबतीत शेवटचं कधी घडलं?

यावर उत्तर तयार असतं: तो अपवाद आहे, ती पर्यटकांची गंमत आहे. पर्यटक येतात हे कबूल. पण या खेळाचे दर २०१४ च्या आसपास १५, १७ आणि २० रुपये होते. त्या दरात तीन तास सावली, पंखे आणि शाहरुख खान मिळत असेल तर रात्रीच्या एसटीची वाट पाहणारा, नातेवाइकाला इस्पितळात दाखल करून बाहेर आलेला, सुट्टीचा कामगार आणि कॉलेज बुडवलेलं जोडपं असे सगळे आत शिरतात. या गर्दीला मी स्मरणरंजन म्हणणार नाही. त्यातल्या कित्येकांचा जन्म १९९५ नंतरचा आहे. जे आपण पाहिलंच नव्हतं त्याचं स्मरण कसलं?

शिवाय ही पद्धत आपल्याकडे कुणी परदेशातून आणलेली नाही. लंडन-न्यूयॉर्कमध्ये जुने चित्रपट आलटून पालटून दाखवणारी थिएटरं आहेत म्हणून आपल्याकडे हवीत, असा युक्तिवाद आमच्या बाजूची मंडळी करतात तेव्हा मला कानकोंडं होतं. आपल्याकडे मॅटिनी होती. नवा चित्रपट तीन, सहा आणि नऊला. दुपारी बाराच्या आत-बाहेरचा खेळ जुन्या चित्रपटाचा, कमी दरात. मुंबईत तो होता, पुण्यात होता, कोल्हापूर-नाशिक-सोलापुरात होता. वितरक आठवड्याच्या ठरलेल्या भाड्यावर, म्हणजे फिक्स्ड हायरवर प्रिंट द्यायचा. ती ओरखडे पडलेली, मधे दोनदा तुटणारी, एखादं गाणं गिळलेली असायची. तरी माणसं जायची. गुरुदत्तचे चित्रपट दोन पिढ्यांनी पाहिले ते कुठल्याशा महोत्सवात पाहिले, असा समज असेल तर तो सोडावा. बहुतेकांनी ते मॅटिनीला पाहिले. मुंबईतल्या पिला हाऊस भागातल्या आल्फ्रेड, निशात, न्यू रोशन अशा थिएटरांनी तर फक्त फेरप्रदर्शनावर वर्षानुवर्षं गुजराण केली. तिथला प्रेक्षक हमाल, हातगाडीवाला, रात्रपाळी संपवून आलेला. अमिताभ आणि मिथुनचे पंधरा-वीस वर्षं जुने चित्रपट तो पुन्हा पाहायचा. त्याला कुणी रसिक म्हटलं नाही आणि त्या थिएटरांना कुणी चित्रपटसंस्कृतीचं केंद्र म्हटलं नाही. जुन्या चित्रपटांचा नियमित खेळ हा मूठभर शहाण्यांचा चोचला आहे, हा आरोप ज्या शहरात पिला हाऊस होतं तिथे तरी करू नये.

मॅटिनी का गेली? या प्रश्नाचं खरं उत्तर लोकांच्या आवडीत सापडत नाही, ते व्यवहारात सापडतं.

एकपडदा थिएटरचा मालक कोणता चित्रपट किती खेळ लावायचा हे स्वतः ठरवतो, असं प्रेक्षकाला वाटतं. २०१२ च्या दिवाळीत ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ एकाच दिवशी आले तेव्हा हा पडदा थोडा बाजूला झाला. आधीच्या ‘एक था टायगर’ बरोबरच दिवाळीचा ‘जब तक है जान’ही घ्यायचा अशी अट यशराजने एकपडदा थिएटरांना घातली, अशी तक्रार अजय देवगणची कंपनी स्पर्धा आयोगाकडे घेऊन गेली. आयोगाने ती तक्रार मान्य केली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तो विषय संपला. पण मोठा चित्रपट देताना पडद्यावरचे सगळे खेळ मागायचे, ही धंद्याची रीत त्या निमित्ताने चारचौघांत आली. चारही खेळ नव्या चित्रपटाला बांधले की मॅटिनीला जागा कुठून येणार? तिसऱ्या दिवशी तो नवा चित्रपट आपटतो, दुपारी थिएटरात अकरा माणसं असतात, तरी मालकाला जुना चित्रपट लावता येत नाही. मग त्या अकरा माणसांकडे बोट दाखवून सांगितलं जातं की पाहा, थिएटरात लोक येत नाहीत.

दुसरी अडचण हक्कांची. मराठा मंदिरातला खेळ इतकी वर्षं चालू शकला याला प्रेक्षकांइतकंच एक रूक्ष कारण आहे. चित्रपट यशराजचा आहे, हक्क एका हातात आहेत, प्रत सुस्थितीत आहे आणि मालकाची तो दाखवायची इच्छा आहे. या चार गोष्टी एकत्र येतील असे जुने चित्रपट किती? निर्माता वारला, कंपनी बुडाली, वारसांत भांडण, दूरचित्रवाणीचे हक्क एकाकडे, चित्रपटगृहाचे दुसऱ्याकडे आणि निगेटिव्ह तिसऱ्याच लॅबमध्ये थकलेल्या बिलापोटी अडकलेली. एका मॅटिनीसाठी कोण या दारांवर धक्के खाणार? डिजिटल आल्यावर हे सोपं होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी पेटी आली की ऑपरेटर रीळ चढवायचा. आता चित्रपटाची डिजिटल प्रत बनवायचा खर्च, ती उघडायची किल्ली आणि यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचं शुल्क असा हिशेब. दोन हजार पडद्यांवर लागणाऱ्या चित्रपटाला तो जाणवत नाही, एका पडद्यावर आठवडाभर लागणाऱ्याला तो मारून टाकतो.

आता ‘घरी बघता येतं की’ या मुद्द्याकडे. मला सगळ्यात जास्त चीड याच मुद्द्याची आहे, कारण तो मांडणाऱ्यांनी घरी तो चित्रपट बहुधा पाहिलेला नसतो. तीसच्या दशकातला जवळपास चौकोनी चौकटीचा चित्रपट रुंद पडद्यासाठी ताणलेला, माणसं बुटकी झालेली, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, मधली दोन कडवी गायब. हे बघणं मोजायचंच असेल तर ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर मोजावं.

‘शोले’चं घ्या. १९७५ साली तो लागला तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात ७० मिलिमीटरवर, अनेक ध्वनिपट्ट्यांच्या स्टिरिओ आवाजात लोकांनी पाहिला. तिथे तो पाच वर्षं चालला, सुरुवातीला सगळ्या खेळांना आणि नंतर मॅटिनीला. म्हणजे मॅटिनी त्याच्याही उपयोगी पडली. आज मिनर्व्हा नाही. ‘शोले’ची ७० मिलिमीटरची एकही प्रिंट शिल्लक नाही. पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपट पुनर्संचयित करायला घेतला तेव्हा मूळ निगेटिव्ह फारच खराब झालेली निघाली आणि लंडनच्या गोदामातल्या साहित्याचा आधार घ्यावा लागला. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट जोडून ही नवी प्रत पहिल्यांदा दाखवली गेली ती जून २०२५ मध्ये, इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चौकात. भारतातला सर्वांत जास्त पाहिलेला चित्रपट म्हणून ज्याचं नाव घेतो त्याची ही कथा. ‘शोले’ घरोघरी होता, टीव्हीवर होता, कॅसेटवर, मोबाइलवर होता. त्याची धड एक प्रिंट मात्र आपण राखू शकलो नाही. प्रिंटची मागणी करणारं थिएटर राहिलं नाही की तिची निगा राखायचं कुणाला कारण उरत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचाही ठेवा जळाला. आगीला दोष देता येतो. ‘शोले’ला तर कुठली आगही लागली नव्हती.

ज्यांना ‘कल्ट’ हा शब्द परका वाटतो त्यांच्यासाठी मराठी उदाहरण आहे. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. परदेशात ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ पाहणारे प्रेक्षक मध्यरात्रीच्या खेळाला पडद्याशी गप्पा मारतात, पात्रांच्या आधी वाक्यं म्हणतात, याची वर्णनं आपण कौतुकाने वाचतो. ‘बनवाबनवी’चे संवाद मराठी घरांत तीन पिढ्या म्हणतात. मात्र १९९० नंतर जन्मलेल्या मराठी माणसांपैकी किती जणांनी तो आठशे अनोळखी माणसांबरोबर अंधारात पाहिला आहे? विनोदी चित्रपट सोफ्यावर एकट्याने पाहणं आणि भरल्या थिएटरात पाहणं यात चित्रपटच बदलतो. अशोक सराफ किंवा लक्ष्मीकांत बेर्डे वाक्यानंतर जी उसंत घेतात ती हशासाठी सोडलेली आहे, घरी ती नुसती शांतता वाटते. राज्य सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळावी म्हणून आग्रह धरला, त्यावर हमरीतुमरी झाली, सगळ्यांनी अस्मितेची भाषा केली. त्या गदारोळात जुन्या मराठी चित्रपटासाठी आठवड्यातला एक दुपारचा खेळ कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. ‘सोंगाड्या’ला १९७१ मध्ये दादरचं कोहिनूर मिळावं म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली, हे आपण अभिमानाने सांगतो. आज तो ‘सोंगाड्या’ लावायचा म्हटलं तर नक्की कुणाशी बोलायचं, हे तरी कुणी सांगेल का?

प्रेक्षक आहेत हे आता मल्टिप्लेक्सवाल्यांनीच सिद्ध केलं आहे, ही या वादातली गंमत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभचे ११ जुने चित्रपट १७ शहरांत दाखवले गेले, पाठोपाठ दिलीपकुमार, मग देव आनंद. राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. ‘सनम तेरी कसम’ने २०२५ मध्ये तेच केलं. नव्या चित्रपटांचा दुष्काळ पडला की मल्टिप्लेक्स जुन्या चित्रपटांवर दिवस काढतं आणि त्याला ‘री-रिलीज’चा ट्रेंड म्हणतं. तेच काम मोडकळीला आलेल्या एकपडदा थिएटरने करायचं म्हटलं की त्याला भावुकता म्हणतात.

मग खरी अडचण कुठे आहे? ती जमिनीत आहे. महाराष्ट्रात थिएटर पाडून तिथे दुसरं काही उभारायचं तर नव्या इमारतीत काही प्रमाणात आसनं राखून चित्रपटगृह ठेवावं लागतं. ही अट काढा, ही मालकांची जुनी मागणी. त्यांचा त्रास मला कळतो. मात्र मागणीचं समर्थन ‘आम्हाला जमिनीचा पूर्ण भाव हवा’ असं न करता ‘लोक येत नाहीत’ असं केलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे. चालणारं थिएटरही जमिनीपुढे सुरक्षित नसतं, हे लंडनच्या प्रिन्स चार्ल्स सिनेमाने दाखवून दिलं. लेस्टर स्क्वेअरजवळचं हे थिएटर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कल्ट आणि अभिजात चित्रपटांवर जगतं आहे, ३५ आणि ७० मिलिमीटरच्या प्रिंट अजून चालवतं आणि त्याचे खेळ भरतात. तरी जानेवारी २०२५ मध्ये भाडेकराराचं नूतनीकरण आलं तेव्हा पुनर्विकासासाठी सहा महिन्यांच्या नोटिशीवर जागा रिकामी करून घेता येईल असं कलम घरमालकाने मागितलं. विरोधात लाखाहून जास्त सह्या झाल्या. तिथे तरी ‘लोक येत नाहीत’ म्हणायची सोय नव्हती.

मुंबईत वास्तू वाचवण्याचे प्रयोगही झाले आहेत, त्यांचीही थोडी झाडाझडती घ्यायला हवी. मेट्रो थिएटर २००६ मध्ये आतून फोडून सहा पडद्यांचं झालं. इरॉस १९३८ चं, ओव्हल मैदानाभोवतीच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला त्यांतलं एक. वर्षानुवर्षं बंद राहून ते २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. दर्शनी भाग देखणा झाला, खाली दुकान आलं, आणि हजारावर खुर्च्यांच्या जागी सुमारे तीनशे आसनांचा आयमॅक्स पडदा. पडझडीपेक्षा हे बरंच बरं, कबूल. पण वारसा म्हणून जपलेल्या इमारतीत बाकीच्या कुठल्याही मॉलमध्ये लागतो तोच चित्रपट लागत असेल, तर आपण दगड जपले आणि थिएटर गमावलं. वारसा समित्या कमानींची उंची मोजतात, आत काय लागतं याची नोंद घेणारा रकाना त्यांच्याकडे नाही.

आमच्या बाजूच्या लोकांचंही काही चुकतं. लोअर परळच्या दीपक टॉकीजमध्ये दहाएक वर्षांपूर्वी ‘मॅटर्डेन’ नावाने जगातले अभिजात चित्रपट दाखवण्याचा प्रयोग झाला. तो धाडसी होता, देखणा होता, आणि टिकला नाही. एका अपयशावरून सिद्धांत काढू नये हे मला कळतं, तरी एक शंका मांडतो. गिरणगावातल्या थिएटरात ज्या दिवशी बर्गमन लावला त्याच आठवड्यात दादा कोंडके का लावू नये? जुना चित्रपट म्हटला की आम्हाला परिसंवाद, प्रास्ताविक आणि पास लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जे उभं केलं त्याचं ऋण कधीही फिटणार नाही, पण संग्रहालयाचं सभागृह आणि धंद्याचं थिएटर यांची कामं वेगळी आहेत. संग्रहालयात जो येतो त्याला चित्रपट माहीत असतो. थिएटरात तो पाऊस आला म्हणूनही येतो. ‘दिलवाले’ रोज लावणं म्हणजे अभिरुची नव्हे असं नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की मुंबईत जुन्या चित्रपटाचा रोजचा खेळ नाव ठेवायला तरी शिल्लक आहे तो त्यामुळेच.

उरला विजेच्या बिलाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. साठ माणसांसाठी पूर्ण घर थंड करणं परवडत नाही, तर दुपारच्या खेळाला फक्त बाल्कनी उघडावी. दर शंभराच्या आत ठेवावा. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि या सवलतीचा उपयोग मॅटिनीइतका कुणालाच होणार नाही. जुन्या चित्रपटासाठी टक्केवारीचं गणित सोडून पूर्वीसारखं फिक्स्ड हायर ठेवावं. डिजिटल यंत्रणेच्या शुल्कातून दहा-पंधरा वर्षांहून जुन्या चित्रपटाला वगळावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, नव्या चित्रपटाच्या करारात पहिला आठवडा संपला की दुपारचा खेळ मालकाच्या हाती परत येईल, एवढं एक कलम घालावं. यात सरकारी अनुदानाचा एक रुपयाही मी मागितलेला नाही.

या कलमाला वितरक तयार होणार नाहीत, असं मला एका थिएटरमालकाने सांगितलं. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, दुपारी जुना चित्रपट जास्त चालला तर नव्याची अब्रू जाते.